महापालिकेच्या उच्च प्राथमिक शाळेत सुधारणेची उद्दिष्टे कशी ठरवावीत आणि त्यांचा आढावा कसा घ्यावा

पुणे महानगरपालिकेच्या शाळांत सहावी ते आठवीचे वर्ग सांभाळणारे मुख्याध्यापक, त्या वर्गांना शिकवणारे शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. त्यामुळे आराखडाच नाही अशी शाळा सहसा आढळत नाही. आढळते ते असे, की फाइलमध्ये पंधरा-वीस उद्दिष्टे लिहिलेली असतात, त्यांतली बरीचशी मागच्या वर्षीच्याच शब्दांत असतात आणि वर्गावर जाणाऱ्या शिक्षकाला त्यांतले एकही आठवून सांगता येत नाही. ही स्थिती बदलायची असेल तर एक गोष्ट पक्की धरावी लागते. उद्दिष्ट मुलांच्या शिकण्याविषयी लिहावे, परंतु ते साध्य करण्यासाठी शाळेतली मोठी माणसे आपल्या रोजच्या कामात नेमका कोणता बदल करणार आहेत हेही त्याला जोडूनच लिहावे, आणि आढाव्याच्या बैठकीत आधी मोठ्यांच्या कामाचा हिशेब घेऊन मगच मुलांच्या गुणांकडे वळावे.

सहावी ते आठवीचे वेगळेपण

प्राथमिक वर्गांत एकच वर्गशिक्षक दिवसभर मुलांसोबत असतो, त्यामुळे कोणते मूल कुठे अडले आहे हे त्याला दुसऱ्याला विचारावे लागत नाही. सहावीपासून भाषा, गणित व विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांना वेगवेगळे शिक्षक येतात. कायद्याच्या परिशिष्टात या स्तरासाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक, वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनाचे तास असे निकष दिले आहेत. विषयशिक्षक मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे, मात्र तिच्यामुळे एकाच मुलाविषयीची माहिती चार जणांत विभागली जाते. गणिताच्या शिक्षकांना वाटते की मुलाला भागाकार जमत नाही, तर भाषेच्या बाईंना ठाऊक असते की त्याला तीन ओळींचा मजकूरच सलग वाचता येत नाही, म्हणजे शाब्दिक उदाहरण त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते. दोघांची शिक्षकखोलीत रोज गाठ पडते, पण या मुलाविषयी बोलणे होतेच असे नाही. सुधारणेची उद्दिष्टे ठरवण्याचा खरा उपयोग हा आहे, की ते बोलणे ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या कागदासमोर घडते.

पुण्यात यात आणखी एक भर पडते. सहावीच्या वर्गात आपल्याच शाळेच्या पाचवीतली मुले असतात, फी परवडेना म्हणून खाजगी शाळेतून आलेली असतात, आणि मराठवाड्यातून किंवा उत्तर कर्नाटकातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांचीही असतात. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेच्या हद्दीत आली. तेव्हा जिल्हा परिषदेच्या ज्या शाळा महापालिकेकडे आल्या, त्यांच्याकडे त्यांच्या जुन्या नोंदी आणि जुन्या सवयी आहेत. मराठी माध्यमाच्या शेजारी उर्दू, इंग्रजी किंवा कन्नड माध्यमाचे वर्ग एकाच इमारतीत भरतात. अशा ठिकाणी मागच्या वर्षीच्या सहावीसाठी लिहिलेले उद्दिष्ट या वर्षीच्या सहावीला लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

ठरवण्यापूर्वी पाहणे

शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होते, आणि उद्दिष्टे पहिल्याच आठवड्यात लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा. पहिले तीन-चार आठवडे पाहण्यासाठी ठेवावेत. या काळात पालख्यांचा पुण्यातला मुक्काम असतो, अनेक शाळांच्या इमारतींत वारकऱ्यांची सोय केलेली असते आणि दोन-तीन दिवस वर्ग भरत नाहीत. हे दरवर्षी होते, म्हणून वेळापत्रकात ते आधीच धरून चालावे.

पाहण्यासाठी हाताशी बरेच काही असते. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांपैकी पायाभूत चाचणी वर्षाच्या सुरुवातीस होते आणि ती भाषा, गणित व इंग्रजी या विषयांची असते. तिचे गुण ऑनलाइन भरून झाले की उत्तरपत्रिका कपाटात जातात. खरी माहिती मात्र त्या उत्तरपत्रिकांतच असते, म्हणून गुण भरल्यानंतर त्या एकदा पुन्हा उघडून कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी काय उत्तर लिहिले हे पाहावे. शाळांच्या गुणवत्ता-मूल्यमापनाच्या ‘शाळासिद्धी’ या कार्यक्रमातले सात क्षेत्रांतले व ४६ मानकांतले स्वयंमूल्यमापन आणि यू-डायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन माहिती-नोंदणीत भरलेली माहितीही असते. या नोंदी शाळेचे एकूण चित्र समजण्यासाठी उपयोगी आहेत, परंतु सातवीच्या वर्गात उद्या कोणता बदल करायचा हे त्यांतून कळत नाही.

मागील वर्षाच्या प्रगतिपत्रकांवर विसंबताना काळजी घ्यावी. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या योजनेत सहावीला आकारिक (वर्षभराच्या रोजच्या कामावरून होणारे) व संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचे) मूल्यमापनाचा भार ५०-५० टक्के आणि सातवी-आठवीला ४०-६० टक्के ठरवलेला आहे. आकारिक गुण देताना शिक्षक मुलाचा सहभाग, उपक्रम आणि प्रयत्न यांनाही न्याय देतात, आणि ते योग्यच आहे. पण म्हणूनच ‘ब-१’ श्रेणीच्या मुलाला परिच्छेद वाचून त्यातला मुद्दा सांगता येतोच असे त्या श्रेणीवरून म्हणता येत नाही.

यासाठी सहावीच्या प्रत्येक मुलाला एकेकट्याने जवळ बसवून दोन गोष्टी तपासाव्यात. एक, पाचवीच्या पातळीचा आठ-दहा ओळींचा अनोळखी उतारा मोठ्याने वाचायला देऊन त्यावर दोन प्रश्न विचारावेत, आणि दुसरे, वजाबाकी व भागाकाराची चार उदाहरणे समोर सोडवून घ्यावीत. एका मुलाला सात-आठ मिनिटे लागतात. वाचनपातळी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी मोजण्याची ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक सर्वेक्षणाची पद्धत बहुतेक शिक्षकांना परिचित आहे, तीच वापरली तरी चालते. सगळ्या विषयशिक्षकांनी मुले वाटून घेतली तर एका तुकडीचे काम एका आठवड्यात परिपाठाच्या आणि मधल्या सुट्टीनंतरच्या वेळेत होऊ शकते. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांनीही यात बसावे असा माझा आग्रह आहे, कारण मुलाचे वाचन स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर इतिहासाच्या तासाला त्याला काय वाचायला द्यायचे याविषयीचा विचार आपोआप बदलतो.

एक उदाहरण जवळून पाहू

६१८ ला ६ ने भागायला सांगितले की सहावी-सातवीतली पुष्कळ मुले उत्तर १३ लिहितात. गुणपत्रकात हे फक्त ‘चूक’ म्हणून नोंदले जाते आणि निदान ‘भागाकार कच्चा’ असे होते. वही नीट पाहिली तर दिसते की मुलाला सहाचा पाढा येतो, ६ मधून ६ वजा करणे येते, पुढचा अंक खाली घेणेही येते. १ खाली घेतल्यावर त्यात ६ जात नाहीत, हेही त्याला कळलेले असते. पण त्या जागी शून्य लिहायला हवे हे त्याला माहीत नसते, म्हणून तो लगेच ८ खाली घेतो, १८ मध्ये ६ तीनदा बसवतो आणि मोकळा होतो. अडचण भागाकाराच्या एका पायरीत आहे आणि तिच्या मुळाशी स्थानिक किंमत आहे. शिवाय ६०० मध्ये ६ शंभर वेळा जातात, म्हणून उत्तर शंभराहून मोठेच असणार, हा अंदाज आधी करण्याची सवय मुलाला लागलेली नसते. ती असती तर १३ हे उत्तर त्याचे त्यालाच खटकले असते.

आता या दोन निदानांवरून निघणारी उद्दिष्टे ताडून पाहावीत. ‘भागाकार कच्चा’ या निदानावरून ‘गणितातील मूलभूत क्रियांचा सराव वाढवणे’ एवढेच लिहिता येते, आणि त्याचा अर्थ फळ्यावर आणखी वीस उदाहरणे असा होतो. त्या वीस उदाहरणांत मूल तीच चूक वीस वेळा करते. दुसऱ्या निदानावरून मात्र पुढील उद्दिष्ट लिहिता येते. समजा, सहावी ‘अ’मध्ये ३८ मुले आहेत आणि पडताळणीत त्यांतल्या १९ मुलांना असा भागाकार जमला नाही. तर लिहावे: ‘दिवाळीच्या सुट्टीपूर्वी या १९ पैकी किमान १४ मुले तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याची, भागाकारात शून्य येणारी उदाहरणे कोणाच्याही मदतीविना सोडवतील व उत्तराचा अंदाज आधी लिहितील. यासाठी गणिताचे शिक्षक आठवड्यातून तीन दिवस तासिकेची पहिली पंधरा मिनिटे शतक-दशक-एककाच्या साहित्यासह या मुलांच्या गटासोबत बसतील. त्या वेळी उरलेला वर्ग ठरवून दिलेले काम करील. आणि दर शुक्रवारी तीन उदाहरणांची चिठ्ठी सोडवून घेतली जाईल.’

या वाक्यात कोण, काय, किती आणि केव्हापर्यंत हे आहे, आणि शिक्षक काय करणार तेही आहे. यातल्या १४ या आकड्याविषयी मात्र सावध राहावे. उरलेली पाच मुले सोडून दिली असा त्याचा अर्थ होऊ देऊ नये. त्या पाच जणांची नावे वेगळ्या कागदावर लिहून प्रत्येकासाठी काय करायचे ते ठरवावे, कारण त्यांतले एखादे मूल दृष्टीच्या किंवा ऐकण्याच्या अडचणीमुळे मागे असू शकते, एखाद्याला विशेष शिक्षकांची गरज असते, तर एखादे महिनाभर गावी गेलेले असते. सगळ्यांसाठी १०० टक्के असे लिहिणे दिसायला चांगले वाटते. मात्र ते गाठता येणार नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असल्यामुळे पुढे सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो.

किती उद्दिष्टे घ्यावीत

एका वर्षात तीन. एक वाचनाचे, एक गणिताचे आणि एक हजेरीचे, अशी सुरुवात बहुतेक शाळांना मानवते. विज्ञान प्रयोग, क्रीडा, वाचनालय, सांस्कृतिक कार्यक्रम ही कामे चालूच राहतात, ती थांबवायची नाहीत. परंतु आढाव्याच्या बैठकीत ज्यांच्यासाठी सर्वांनी एकत्र बसायचे ती उद्दिष्टे तीनच असावीत.

शिष्यवृत्ती परीक्षेतल्या किंवा राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीतल्या निवडींची संख्या हे शाळेचे मुख्य उद्दिष्ट करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवीत होणाऱ्या या दुसऱ्या परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. घरकाम करणाऱ्या आईच्या कुटुंबाला त्याचे मोल मोठे आहे, म्हणून एकाही पात्र मुलाचा अर्ज राहता कामा नये आणि तयारीही मनापासून करून घ्यावी. पण ती तयारी वर्गातल्या थोड्या मुलांची असते. तिलाच मुख्य उद्दिष्ट केले की शाळेतल्या सर्वोत्तम शिक्षकांचा जादा वेळ ज्यांना त्याची सर्वांत कमी गरज आहे अशा मुलांकडे जातो.

आठवीसाठी एक बाब लक्षात ठेवावी लागते. राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. तिच्यात उत्तीर्ण न होणाऱ्या मुलाला पुरवणी मार्गदर्शनानंतर पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि तिथेही न जमल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. त्यामुळे आठवीतली कोणती मुले अडचणीत आहेत याची यादी डिसेंबरमध्येच तयार हवी. मार्चमध्ये ती करून शिक्षकांच्या हाती काहीच उरत नाही.

मागणी आणि उद्दिष्ट वेगळे ठेवावे

स्वच्छतागृहातले पाणी, गळके छप्पर, बंद पडलेला संगणक कक्ष, रिक्त पद या गोष्टी आराखड्यात असायलाच हव्यात, परंतु त्या मागण्या आहेत. त्या पूर्ण होणे शाळेच्या हातात नसते. त्यांचा पाठपुरावा तेवढा शाळेच्या हातात असतो. त्यांच्यासाठी वेगळा तक्ता करावा आणि त्यात कोणत्या कार्यालयाला कोणत्या तारखेला पत्र दिले, पोच आहे का, पुढचे स्मरणपत्र कधी द्यायचे, एवढेच लिहावे. मागण्या आणि उद्दिष्टे एकाच यादीत मिसळली की बैठकीचा सगळा वेळ पाण्याच्या टाकीवर जातो आणि वाचनाचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. समग्र शिक्षा योजनेतले संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार मिळते आणि त्याचा किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. हे अनुदान वर्षाच्या उत्तरार्धातही हाती येऊ शकते, म्हणून जुलैमध्ये सुरू होणारे कोणतेही उद्दिष्ट त्यावर अवलंबून ठेवू नये.

हजेरीचे उद्दिष्ट

हजेरीच्या बाबतीत सरासरी फार फसवी असते. समजा, वर्गात ४० मुले आहेत, त्यांपैकी ३४ मुलांची हजेरी ९३ टक्के आणि सहा मुलांची ६० टक्के आहे. वर्गाची सरासरी ८८ टक्के येते, आणि तो आकडा पाहून कोणालाही चिंता वाटत नाही. ती सहा मुले मात्र आठवड्यातले दोन-अडीच दिवस शाळेत नसतात. म्हणून हजेरीचे उद्दिष्ट टक्क्यांत न लिहिता मुलांच्या संख्येत लिहावे: महिन्यात सहा किंवा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहिलेली मुले किती, आणि ती संख्या कितीवर आणायची.

त्यानंतर हजेरीपट आडवा न वाचता उभा वाचावा, म्हणजे कोणत्या वारी गैरहजेरी वाढते ते दिसते. सोमवारी गैरहजर राहणारी मुले बहुधा गावी गेलेली असतात. शनिवारच्या सकाळच्या शाळेला न येणाऱ्यांची गोष्ट वेगळी असते. सातवी-आठवीतल्या मुलींची गैरहजेरी विखुरलेली दिसत असेल तर कारण शोधायला वर्गशिक्षिकांनी घरी जावे. वस्तीत नळाला पाणी सकाळच्या सत्राच्या वेळेतच येते आणि ते भरायला घरात दुसरे कोणी नसते, असे कारण निघू शकते. धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते, किंवा पाळीच्या दिवसांत शाळेचे स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसते. या तीन कारणांवर उपाय तीन वेगळे आहेत. पहिल्यासाठी सत्र किंवा तुकडी बदलून देता येते का हे पाहावे लागते, दुसऱ्यासाठी जवळच्या अंगणवाडीच्या सेविकांशी बोलावे लागते, आणि तिसरे कारण थेट शाळेकडेच बोट दाखवते. ‘पालकांमध्ये जागृती करणे’ हा यांपैकी एकाही कारणावरचा उपाय नाही.

बांधकामावरच्या कुटुंबांचे काम संपले की मूल कोणाला न सांगता दुसरीकडे जाते. अशा मुलांच्या वर्गशिक्षकांनी पालकांचा फोन क्रमांक आणि मुकादमाचा क्रमांक दोन्ही घेऊन ठेवावेत, आणि मूल हलले असे कळताच नव्या ठिकाणच्या जवळच्या शाळेत ते दाखल झाले का याची खात्री करावी. हजेरीपटातून नाव कमी करण्यापूर्वी हे झालेच पाहिजे.

आढावा केव्हा आणि कसा

आढाव्याच्या तारखा उद्दिष्टे ठरवतानाच पक्क्या कराव्यात, नाहीतर त्या कधीच येत नाहीत. पुण्याच्या शाळेचे वर्ष पाहता पहिला आढावा ऑगस्टच्या अखेरीस किंवा गणेशोत्सवापूर्वी, दुसरा दिवाळीच्या सुट्टीआधी, तिसरा जानेवारीत स्नेहसंमेलनाची धावपळ ओसरल्यावर आणि शेवटचा एप्रिलमध्ये घ्यावा. मधल्या काळात निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, प्रशिक्षणे आणि मुसळधार पावसाच्या सुट्ट्या येणारच, म्हणून प्रत्येक तारखेसोबत आठवडाभरानंतरची एक पर्यायी तारीखही लिहून ठेवावी. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जोडून ही बैठक घेऊ नये. तिथे विषय वेगळे असतात.

बैठक तासाभराची असावी आणि तिचा क्रम ठरलेला असावा. सर्वप्रथम मुख्याध्यापकांनी प्रत्येक उद्दिष्टातले मोठ्यांचे काम वाचून दाखवावे आणि ते झाले का एवढेच विचारावे. वरच्या उदाहरणात आठवड्यातून तीन दिवस पंधरा मिनिटे ठरली होती. दहा आठवड्यांत तीस वेळा गट बसायला हवा होता, प्रत्यक्षात किती वेळा बसला? उत्तर अकरा असेल तर मुलांच्या गुणांवर चर्चा करण्यात अर्थ नाही, कारण योजलेला उपाय अजून झालेलाच नाही. अशा वेळी अकराच वेळा का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तो दोष शोधण्याच्या सुरात विचारू नये. बहुधा असे निघते की त्या शिक्षकांना दुसऱ्या गैरहजर शिक्षकाच्या तासावर पाठवले जात होते, किंवा उरलेल्या वर्गाला दिलेले काम पाच मिनिटांत संपत होते. पहिल्या अडचणीवर मुख्याध्यापकांनाच बदली तासांचे वेळापत्रक सुधारावे लागते, आणि मुख्याध्यापकांनी ते त्याच बैठकीत कबूल करून बदलले तर पुढच्या वेळी इतर शिक्षकही मोकळेपणाने बोलतात.

दुसऱ्या टप्प्यात मुलांच्या वह्या टेबलावर घ्याव्यात. चांगल्या, मध्यम आणि मागे असलेल्या मुलांच्या मिळून सहा वह्या पुरतात, आणि त्या वह्यांची निवड दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांनी करावी. फळ्यावरून उतरवून घेतलेली उत्तरे आणि मुलाने स्वतः सोडवलेली उत्तरे यांतला फरक वहीत लगेच दिसतो. सगळ्या वह्यांत शब्दशः एकच उत्तर आणि प्रत्येकावर लाल खूण असेल तर त्या वहीवरून मुलाविषयी काहीच कळत नाही, हे सर्वांनी मिळून पाहणे फार उपयोगाचे असते.

आकडे यानंतर येतात. पडताळणीची उदाहरणे नवी असावीत पण त्याच प्रकारची असावीत. ६१८ ऐवजी ८२४ भागिले ८ किंवा ७३५ भागिले ७ द्यावे. शक्य असल्यास ती दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांनी घ्यावी आणि तपासावी. शेवटची दहा मिनिटे निर्णयासाठी ठेवावीत आणि प्रत्येक उद्दिष्टाविषयी तीनपैकी एकच निर्णय घ्यावा: आहे तसेच चालू ठेवायचे, उपाय बदलायचा, किंवा उद्दिष्ट साध्य झाले म्हणून त्याच्या जागी पुढचे घ्यायचे. उपाय न बदलता फक्त मुदत वाढवणे हा निर्णय होऊ शकत नाही. इतिवृत्त एका पानाचे असावे आणि त्यात कोण काय कधीपर्यंत करणार हे नावानिशी लिहावे.

या आढाव्याचा शिक्षकांच्या गोपनीय अहवालाशी संबंध जोडू नये. ज्या दिवशी शिक्षकांना वाटेल की इथे सांगितलेली अडचण पुढे आपल्याविरुद्ध वापरली जाईल, त्या दिवसापासून गुण वाढू लागतील आणि मुले होती तिथेच राहतील. पर्यवेक्षक किंवा केंद्रप्रमुख बैठकीला आले तर त्यांनाही हे सुरुवातीसच सांगून ठेवावे.

पालकांपुढे मांडताना

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. कायद्याने या समितीला आराखडा करण्याचा आणि कामावर देखरेख ठेवण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा सहीपुरते त्यांच्याकडे जाणे योग्य नाही. बैठकीची वेळ त्यांना विचारून ठरवावी. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाचा सकाळी अकराच्या बैठकीला येऊन त्या दिवसाचा खाडा होतो, तर घरकाम करणाऱ्या आयांना दुपारी दोन कामांच्या मधला वेळ सोयीचा पडतो.

बैठकीत निष्पत्ती, स्तर, मानके या शब्दांऐवजी मुलाची वही दाखवावी. ६१८ भागिले ६ चे उत्तर १३ कसे आले आणि १०३ कसे यायला हवे हे वहीवर बोट ठेवून दाखवले, तर भाजीचा व्यवसाय करणाऱ्या पालकाला ते शिक्षकाइतकेच चटकन कळते, आणि मग तो घरी मुलाकडून हिशेब करवून घेतो. पालकांनी काय करावे हेही एकाच गोष्टीपुरते मागावे: वाचनाच्या उद्दिष्टासाठी रोज रात्री मुलाने दहा मिनिटे मोठ्याने वाचावे आणि कोणीतरी ऐकावे. ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी चालते, हे आवर्जून सांगावे, कारण अनेक आया याच संकोचाने मागे राहतात. एखाद्या मुलाचे नाव घेऊन त्याची पातळी सर्वांसमोर सांगू नये. ते त्याच्या आई-वडिलांशी स्वतंत्रपणे बोलावे.

वर्ष संपताना

एप्रिलमधल्या शेवटच्या आढाव्यात प्रत्येक उद्दिष्टाविषयी अर्धे पान लिहावे: जूनमध्ये स्थिती काय होती, काय केले, काय साधले, आणि पुन्हा करायचे झाल्यास काय वेगळे करू. बदल्यांमुळे पुढच्या वर्षी तेच शिक्षक आणि तेच मुख्याध्यापक असतील याचा भरवसा नसतो, म्हणून हे पान पदभार देताना सुपूर्द करायच्या कागदपत्रांच्या यादीत घालावे. सहावी-सातवीच्या मुलांच्या नोंदी पुढच्या वर्गशिक्षकांना द्याव्यात आणि द्यायच्या वेळी दोघांनी अर्धा तास समोरासमोर बसावे.

आठवीची मुले मात्र बहुतेक ठिकाणी नववीसाठी दुसऱ्या शाळेत जातात, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाच्या शिकण्याविषयी फारसे काही नसते. ज्या दोन-तीन माध्यमिक शाळांत आपली मुले जातात त्यांच्या मुख्याध्यापकांशी मे महिन्यापूर्वी संपर्क साधून प्रत्येक मुलाविषयी चार ओळींची नोंद पाठवावी. वाचन कसे आहे, गणितात कुठवर आले आहे, कशात रस आहे आणि घरची कोणती अडचण शिक्षकांना ठाऊक असलेली बरी, एवढे त्यात पुरे; ती नोंद पाठवण्यापूर्वी पालकांना वाचून दाखवावी. जूनमध्ये त्या शाळांना एक फोन करून यादीतली सगळी मुले नववीच्या वर्गात प्रत्यक्ष हजर झाली आहेत का, हे विचारावे आणि जे मूल तिथे पोहोचलेले नसेल त्याच्या घरी जावे.